कीर्तनाआधीचा फवारा

वृद्धाश्रमात कीर्तनाला उभं राहण्याआधी मालिनीबाई नर्सला म्हणाल्या, "गंगाधरबुवांच्या नाकात तो आठवण जागवणारा इन्सुलिनचा फवारा आत्ताच मारा."

"कशाला ताई? आठवण नसली की सुखानं डुलतात. तुम्हाला माउली म्हणून पाया पडतात."

"म्हणूनच मारा."

याच बुवांनी भर देवळात तरुण मालिनीच्या हातातल्या झांजा हिसकावून तिला नारदाच्या गादीवरून खाली उतरवलं होतं.

फवारा मारला, आणि हळूहळू बुवांची नजर निवळली.

"मालिनी? बाईमाणसानं गादीवर चढायचं नाही, बजावलं होतं ना?"

"बसा, बुवा. इतके दिवस माउलीचं ऐकलंत, आज मालिनीचं ऐका."

बुवांनी तोंड फिरवलं. मांडीवरचा हात मात्र ताल धरू लागला. मालिनीबाईंनी तो पाहिला आणि मुद्दामच लय वाढवली.