तिसरा मोल्ड

"हाही सैलच!" केतकीने लेकीच्या श्रवणयंत्राचा कानात बसणारा मोल्ड टेबलावर ठेवला. "शर्वीने घास चावला की यंत्र शिट्टी मारतं. सासूबाई कुकर समजून गॅस बंद करतात, आणि ही यंत्र ओढून भिरकावते. तीन वर्षांची होईल आता, ऐकलंच नाही तर बोलणार कधी?"

"मुलं चंचल असतातच हो," यंत्र बसवणाऱ्या मॅडम समजुतीने म्हणाल्या. "पुन्हा माप घेऊ. धरा तिला घट्ट."

"नाही धरणार." एवढा ठाम आवाज आपलाच, याचं केतकीला नवल वाटलं. "दोन्ही वेळा ती भोकाड पसरून रडत असताना तुम्ही माप घेतलंत. जबडा हलला की कान आतून बदलतो, माप बिघडतं. बोट घालून बघा ना."

मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग स्वतःच्या कानात करंगळी घालून आ केला, मिटला, पुन्हा आ केला.

"शिकलेय हो मी हे," त्या ओशाळून हसल्या. "घाईत करायचंच राहतं."

त्या दिवशी सगळेच तासभर थांबले. शर्वी मांडीवर गाढ झोपली, तेव्हाच मॅडमनी मापाचा मऊ लगदा तिच्या कानात भरला.

आठवड्याने नवा मोल्ड बसला. शर्वीने अख्खी पोळी चावून खाल्ली, खिदळली, पण शिट्टी काही वाजली नाही. पाच-सहा महिन्यांनी एका संध्याकाळी आंघोळीसाठी केतकीने यंत्र काढलं मात्र, पोरीने न्हाणीघर डोक्यावर घेतलं. ओला हात पुढे करून ती हुकूम सोडत होती, "आई, कान दे! माझा कान!"