गादीतला कापूस

जरा पुढं सरका मायबाप, टाळ खाली ठेवा. एक गोष्ट सांगतो.

बालिकागृहात मुलींना पाळीची माहिती देऊन आरोग्यताई निघाल्या, तशी तेरा वर्षांच्या तुळसानं त्यांची ओढणी धरली. “ताई, हे औषधानं थांबवता येतं का? मी गादीतला कापूस वापरते. कुणाला सांगू नका.”

“अगं, आजारी पडशील. लपवायचं कशाला?”

“मोठी झाले हे कळलं, तर दुसऱ्या गावी पाठवतील. धाकटी बहीण माझ्या कुशीशिवाय झोपत नाही.”

ताईंनी नाव न घेता अधीक्षिकाबाईंना विचारलं.

“पाळीमुळं कुणी पाठवतं का?” बाई हसल्या. “जागा कमी पडली, तरच मोठ्या मुलींना हलवतो.”

दाराआडून ‘मोठ्या मुलींना’ एवढं ऐकून तुळसानं ताईंनी दिलेलं पॅडचं पाकीट परत केलं.

तिथं नव्या मुली येतच असतात, जागा कमी पडतच असते, मायबाप. सांजवात लावाल तेव्हा तुळसाची आठवण ठेवा.