तोलून वाढलेलं ताट

डॉक्टरीणबाईंनी झटक्यांच्या नोंदींची वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. हे जेवण सुरू केल्यापासून सहा आठवडे फिटचा एकही झटका नाही. आणि गेल्या वीस दिवसांत अकरा.

"मला एकच सांगा," त्या म्हणाल्या, "हिच्या पोटात दुसरं काही जातंय का? साखर, गूळ, बिस्किट? हरभऱ्याएवढंसुद्धा? कणभर गोडानंही झटके परत येतात. तसं काही सापडलं तर ते थांबवून हेच जेवण पुढं चालवू. नाही तर या जेवणानं गुण येत नाही असं धरायचं, ते बंद करायचं आणि डोक्याच्या ऑपरेशनचं बघायचं."

सात वर्षांची शिवकन्या आईच्या, कोकिळाच्या, मांडीवर पेंगत होती. कोकिळानं मान हलवली. "न्हाई वो म्याडम. तूप, साय, अंडं, समदं काट्यावर तोलून देते. भाकरीचा तुकडा सुदीक न्हाई."

शेजारी सासू बसली होती, मनकर्णाबाई. चाळीस माणसांच्या भाकरी एका बैठकीत थापणारी बाई. अख्ख्या झरी गावात त्यांच्या तोंडाला कुणी लागत नसे. हे जेवण त्यांना पहिल्यापासून पटलं नव्हतं. झटके थांबतील, पण उंची खुंटू शकते, मुतखडा होऊ शकतो, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. कोकिळानं आठ दिवस जिवाला घोर लावून घेतला आणि मग ती हो म्हणाली.

"ज्वारीच्या घरात लेकराला भाकरी बंद! सोनारीण हाइस का गं, तोलायलीस ती?" मनकर्णाबाई रोज टोचायच्या.

पण झटके थांबले. तेव्हाच मनकर्णाबाईंना भीती वाटली. एवढं चांगलं चाललंय म्हणजे कुणाची तरी नजर लागणार. त्या माहेरी, राणीसावरगावला गेल्या आणि देवाचा अंगारा घेऊन आल्या. कोकिळा धारा काढायला गोठ्यात गेली की तो नातीला द्यायच्या. राख घशाखाली उतरत नाही, म्हणून गुळाच्या खड्यात.

"कुणाला सांगायचं न्हाई बाळा. सांगितलं की गुण जातो."

झटके परत सुरू झाले. मग मनकर्णाबाईंनी एका खड्याचे दोन केले.

तो गूळ त्यांनी खाण्यात कधी धरलाच नव्हता. देवाचं ते. आत्ता डॉक्टरीणबाईंचं 'हरभऱ्याएवढंसुद्धा' कानात शिरलं आणि गुळाचा खडा डोळ्यांपुढं आला.

शिवकन्येनं डोळे उघडून आजीकडं बघितलं. ओठ घट्ट मिटून घेतले.

"तुझंच मापात चुकलं असंल," कोकिळाचा नवरा परमेश्वर तिच्यावर खेकसला. "ध्यान कुठं असतंय तुझं?"

कोकिळाची मान खाली गेली, डोळ्यांतून पाणी ओघळलं. "असंल," ती पुटपुटली. "माझंच चुकलं असंल."

"मग बंद करूया?" डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "बघा, अजून काही आठवतंय का कुणाला?"

परमेश्वरानं आईकडं पाहिलं. घरातला शेवटचा शब्द तिचाच असायचा.

'गूळ' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. पण सुनेपुढं, लेकापुढं, परक्या बाईपुढं? मनकर्णाबाईंनी तो थुंकीसारखा गिळला. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा सुनेच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"रडू नको पोरी," त्या म्हणाल्या. "मानूस हाय, चुकतंय. म्या केलं माफ."