वाल्बुर्गाचं नाव

या, जरा जवळ सरका; एका नावाची गोष्ट सांगायचीय.

रविवारची उपासना आटोपली होती. सुरात गाऊन सांगितलेल्या प्रवचनाने पाणावलेले ओटिलीबाईंचे डोळे अजून ओलेच होते. त्यांना जुनी जर्मन लिपी वाचता येई, म्हणून वंशावळ मांडायला थोरला भाऊ गेबहार्ड त्यांना चर्चच्या बाप्तिस्म्यांच्या वहीपाशी घेऊन बसला.

लग्नाआधी झालेल्या लेकराचं नाव तिथले जुने पाद्री उलटं लिहीत. आजोबांच्या नावाच्या वरच्या ओळीत तसंच एक नाव होतं. वाल्बुर्गा, आजोबांची सख्खी बहीण.

"ते उलटं काय गं?"

"काही नाही रे, शाई सांडलीय."

"वा! मोठी वळणदार सांडलीय!"

ओटिलीबाईंचे कान तापले, तरी त्यांनी पान उलटलं. मग खोटं बोलल्याची लाज सोसवेना, म्हणून पुन्हा मागे आल्या.

आता आजोबांचं नाव उलटं होतं. पानावरची सगळीच नावं उलटी होती. एकटी वाल्बुर्गा सरळ. त्यांनी वही फिरवली. तरी तसंच.

"अगं, वही काय फिरवतेस? वाच ना!" गेबहार्ड पेन्सिल सरसावून म्हणाला.

त्यांनी वाल्बुर्गाच्या नावावर बोट ठेवलं.

शाई ओली होती.

ओटिलीबाईंनी ते नाव सोडून पुढचं वाचलं, आणि वंशावळीत वाल्बुर्गा आलीच नाही. तुम्ही तरी तिची आठवण ठेवा, बाबांनो.