गंधपेटी

नगरपरिषदेत सत्यनारायणाची पूजा मांडली होती. नगराध्यक्षा सरोजताई कोळेकरांच्या दालनात उदबत्ती दरवळत होती, तरी त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. त्यांनी खुर्चीमागे पाहिलं. गंधपेटीवर कुणीतरी टॉवेल गच्च गुंडाळला होता.

शहरातल्या सार्वजनिक शौचालयांची दुर्गंधी ही पेटी जशीच्या तशी इथे आणून सोडायची, आणि तिकडची सफाई होईपर्यंत थांबायची नाही. निवडून आल्यावर ताईंनीच ती बसवून घेतली होती.

"देवाच्या कामात ते कशाला, म्हणून झाकली," हेडक्लार्क बोधनकर पुटपुटले.

ताईंनी टॉवेल ओढला. भपकारा आला. गुरुजींनी उपरणं नाकाला लावलं. पेटीवर आठवडी बाजाराचा दिवा लाल होता.

"तिथं आज सकाळपासून बाया भाजी घेऊन बसल्यात," ताई म्हणाल्या. "बोधनकर, टँकर घेऊन तुम्ही स्वतः जा."

"आणि आरती?" गुरुजींनी विचारलं.

"थांबेल की."

सगळे तसेच बसून राहिले. निरांजनातलं तूप संपलं, पुन्हा घातलं. बऱ्याच वेळाने शिऱ्यातल्या वेलदोड्याचा वास आला, तशा ताई उठल्या.

"हं गुरुजी, आता होऊ द्या आरती."