निळ्या खुणा

दुपारी लातुरात भूकंपाच्या धक्क्यानं खिडकीची काच थरथरली, तशी रुद्राणीनं किल्लारीला एकट्या राहणाऱ्या आईला फोन लावला. रिंग वाजतच राहिली. घाबरून तिनं गावाच्या ग्रुपवर लिहिलं, "माय फोन उचलंना. कुणीतरी बघता का?"

निळ्या खुणा झाल्या. सगळ्यांनी वाचलं होतं. एरवी सुप्रभातलाही पन्नास फुलं टाकणाऱ्या त्या ग्रुपवर एक अक्षर उमटेना. वाईट बातमी आपण कशी सांगावी, म्हणून गप्प असतील का सगळे?

मग ग्रुपचे ॲडमिन गुरुबसप्पाकाका यांचा व्हॉइस मेसेज आला. त्यांना धाप लागली होती.

"पोरी, माय बरी हाय, फोन घरात टाकून अंगणात बसली. तुझं वाचलं अन् समदेच इकडं पळालो. उत्तर लिवायला मागं कुणी राहिलंच न्हाई."