नव्या रस्त्यावरचा खड्डा

नव्या रस्त्यावरच्या खड्ड्यात बायकोचा पाय मोडला, तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकासमोर मास्तर रस्ता बांधणाऱ्या कंपनीचा उद्धार करत.

रविवारी जावई आला. "बाबा, शिव्या खुशाल द्या, पण शेअरही घ्या. कंपनीकडे दहा वर्षं पुरेल एवढं काम आहे."

मास्तरांनी भिंग लावून कंपनीचा नफा पाहिला, डोक्यावरचं कर्ज पाहिलं आणि सोमवारी बाजार उघडताच निवृत्तीची निम्मी पुंजी तिच्यात घातली.

दुसऱ्याच दिवशी जावयाची आई बघायला आली. प्लॅस्टरमधला पाय उशीवर सरकवत बायको म्हणाली, "काय सांगू विहीणबाई, तो मेला रस्ता..."

 

"रस्त्याला काय धाड भरलीय?" मास्तर म्हणाले. "हिलाच खाली बघून चालायची सवय नाही."